एकांकिका: जुना जोडीदार परत येतो, पण तो खलनायकच वाटतोय (सांगली, ४५ मिनिटं)

कृष्णाकाठ४१६

मंडळी, एका एकांकिकेचा दुसरा खर्डा अडकलाय. स्पर्धेची मर्यादा ४५ मिनिटांची, पात्रं तीन. स्थळ एकच: सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यात तळमजल्याच्या भाड्याच्या दोन खोल्या. काळ आजचा.

सुधीर, वय ४१, मिरजेत तंतुवाद्यं दुरुस्त करतो. विनायक, ३४, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. २०१९ पासून दोघं एकत्र राहतात, गल्लीच्या लेखी 'रूम पार्टनर'. अभय, ४२, सुधीरचा आधीचा जोडीदार. तो २०११ साली ३७७ कलमाच्या (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम) धास्तीनं बंगळुरूला निघून गेलेला. एका संध्याकाळी तो दारात उभा राहतो.

आत्ताच्या रचनेत अभय विसाव्या मिनिटाला येतो. त्याआधी सुधीर-विनायकचा संसार दाखवलाय. अभयकडे जुने फोटो आहेत, ते पुढं करून तो सुधीरला परत मागतो. शेवटी सुधीर विनायकजवळच राहतो. कोपऱ्यात एक तानपुरा आहे, तो सध्या निव्वळ शोभेचा.

वाचनात तीन तक्रारी आल्या. अभय खलनायक वाटतो. सुधीर नुसता चेंडू, इकडून तिकडं टोलवला जातो. आणि तिसरी: 'विनायकच्या जागी बायको घातली तरी नाटक तसंच चालेल.' कुठून उसवायला घेऊ?

पडद्यामागचा

तिसरी तक्रार आधी घ्या, बाकीच्या दोन तिच्याच पोटातल्या आहेत.

बायकोच्या घरात नवऱ्याची जुनी मैत्रीण आली तर बायकोच्या पाठीशी काय काय असतं बघा: मंगळसूत्र, रेशनकार्ड, सासू, भिंतीवरचा लग्नातला फोटो, शेजारणी. ती एक शब्द बोलली नाही तरी ते घर तिच्या वतीनं बोलतं. विनायकच्या वतीनं त्या दोन खोल्यांत काय बोलतं? काही नाही. घरमालकीणकाकूंच्या दृष्टीनं अभय आणि विनायक एकाच रांगेतले, दोघंही 'सुधीरचे मित्र'. उलट अभय जुना मित्र, म्हणजे त्याचा मान थोडा जास्तच. काकू त्याला ओळखतील, चहा पाठवतील, 'किती वर्षांनी रे' म्हणतील, आणि सहा वर्षं तिथं राहणारा विनायक बाजूला उभा राहून ते बघेल. हा प्रसंग बायको घालून होत नाही.

आता फोटो. ते काढाच. फोटो पुढं केला की प्रेक्षकाला ब्लॅकमेलचा वास येतो आणि तिथून अभयची कुठलीच गोष्ट त्याला खरी वाटत नाही. परत येणाऱ्याला सुधीर मागू देऊ नका. त्याला अशी वस्तू मागू दे जी खरोखर त्याची आहे आणि जी देऊन टाकायला कुणाची ना असू शकत नाही. ती तुमच्या कोपऱ्यात उभीच आहे. तानपुरा अभयचा करा. 'माझा तानपुरा न्यायला आलोय' हे वाक्य इतकं सरळ आहे की नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हटलं तर माणूस दोन मिनिटांत वस्तू घेऊन जायला हवा. तो जात नाही, एवढ्यावर चाळीस मिनिटं उभी राहतात.

वेळेचं गणित. ४५ मिनिटांत विसावं म्हणजे फार उशीर. सुरुवातीचा सुखी संसार प्रेक्षक सहाव्या मिनिटाला पचवून मोकळा होतो, पुढची चौदा मिनिटं तो घड्याळ बघतो. अभयला सहाव्या मिनिटाला आणा, आणि सुधीर घरात नसताना आणा. म्हणजे पहिली गाठ जुन्या आणि नव्या जोडीदाराची पडते. सुधीर मिरजेहून पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला येतो तेव्हा त्या दोघांमध्ये आधीच काहीतरी ठरलंय किंवा बिनसलंय. आता तो चेंडू राहत नाही, कारण त्याला न विचारता खेळ सुरू झालाय आणि त्याला आत शिरावं लागतंय.

तीन माणसांच्या नाटकात जोड्या तीनच होतात. प्रत्येक जोडीला एक निवांत प्रसंग द्या. विनायक-अभय नऊ-दहा मिनिटं, अभय-सुधीर सात, सुधीर-विनायक सहा. तिघं एकत्र दोनदाच आणि थोडा वेळ. नवखे लेखक उलटं करतात, तिघांना सारखं एका खोलीत कोंबतात, मग वाक्यं पत्त्यांसारखी वाटली जातात आणि एकजण कायम भिंतीला टेकून उभा. सुधीरचा निर्णय छत्तिसाव्या मिनिटाच्या आसपास येऊ दे. निर्णयानंतर आठ-नऊ मिनिटं लागतातच. निर्णय आणि पडदा एका श्वासात आले की ते सुविचारासारखं दिसतं.

बारीक गोष्ट: अभय याच खोल्यांत राहिलेला असेल तर त्याच्या हातांना घर आठवू दे. लाइट जाते, तो न विचारता देवळीकडे हात नेतो, मेणबत्ती तिथं असायची. आता तिथं विनायकचा चष्मा आहे. कुणी काही बोलायचं नाही. दोन कप आणि एक स्टीलचा ग्लास एवढीच भांडी ठेवा. चहा तीनदा होऊ दे, ग्लासातला चहा कुणाच्या वाट्याला येतो ते तिन्ही वेळा वेगळं असू दे.

तारीखवार

२०११ बदला, नाहीतर परीक्षकांत एखादा वकील निघाला तर तिथंच अडकेल. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सज्ञान माणसांचे संमतीचे खासगी संबंध ३७७ मधून बाहेर काढले होते. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल उलटवला. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कलमाचा तो भाग पुन्हा रद्द केला. म्हणजे २०११ हे त्यातल्या त्यात मोकळ्या श्वासाचं साल. पळून जायचं तर जानेवारी २०१४ मध्ये. साडेचार वर्षं सवय लागली, मग दार परत लागलं. त्या क्रमानं आलेली भीती जास्त बोचरी असते.

दुसरं, कोर्टाच्या भीतीनं सहसा कुणी गाव सोडत नव्हतं. या कलमाखाली शिक्षेपेक्षा धमकीच जास्त चालायची. भाऊबंद, घरमालक, ओळखीचा हवालदार, पैसे उकळणारा एखादा परिचित, यांच्या हातात ते कलम दांडक्यासारखं होतं. अभयच्या तोंडी 'कायदा बदलला म्हणून गेलो' नको. ज्या एका माणसानं कायद्याचं नाव घेतलं तो माणूस हवा, नाटकात न दिसणारा. मोठा भाऊ पुरे.

या तारखांमुळं तुम्हाला एक फुकटचा प्रश्न मिळतो आणि तो विनायकनं विचारायचा: 'अठरा साली का नाही आलास?' सप्टेंबर २०१८ ला दार उघडलं. विनायक घरात आला २०१९ च्या ऑगस्टनंतर. मधले अकरा महिने सुधीर एकटा होता आणि अभय आला नाही. याला अभयकडे चांगलं उत्तर नसावं. कायदा हे त्याचं खरं कारण होतं की सोयीचं, हे त्याचं त्यालाही कळत नाही असं लिहिलंत तर तो खलनायकही राहणार नाही आणि बिचाराही.

आता कागद. वर लिहिलंय ते बरोबर, विनायकच्या वतीनं बोलणारं काही नाही. पण 'या लोकांना काहीच करता येत नाही' असा सूर लावू नका, तो चुकीचा आहे. लग्न होत नाही, १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं विवाहाचा हक्क मान्य केला नाही, म्हणून 'कोर्टात जाऊन लग्न करू' असलं वाक्य असेल तर कापा. पण संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी लावायला आडकाठी नाही, हे केंद्रीय अर्थखात्यानं २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलंय. नॉमिनी म्हणजे मालक मात्र नव्हे. बँक त्याच्या हाती पैसे देते, वारसांचा हक्क तसाच राहतो. तो वळवायचा तर मृत्युपत्र लागतं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं. नोंदणी सक्तीची नाही. आणि दवाखान्यातला तो ठरावीक प्रसंग, शुद्धीवर असलेल्या माणसाच्या ऑपरेशनसाठी 'रक्ताचं नातं आहे का' विचारून जोडीदाराला सही करू न देणं, तो घालायचा मोह झाला तर लक्षात ठेवा: सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याची स्वतःची असते.

नाटकाला सगळ्यात उपयोगी कागद भाड्याचा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी नको' ही समजूत गावोगाव आहे आणि चूक आहे. जबाबदारी मालकावर. करारात भाडेकरू म्हणून दोन नावं घालता येतात, नातं विचारलं जात नाही. तुमच्या घरात करार सुधीरच्या एकट्याच्या नावावर असू दे. वाईट हेतूनं नव्हे, दरवेळी एजंट जुन्याचीच नक्कल करतो म्हणून. आणि नूतनीकरण उद्या सकाळी. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणार, आजच रात्री नावं आणि आधार क्रमांक कळवायचे आहेत. आता सुधीरला 'मी तुझाच आहे' वगैरे म्हणायची गरजच उरत नाही. छत्तिसाव्या मिनिटाला तो एजंटला फोन लावतो आणि दुसरं नाव सांगतो, किंवा सांगत नाही.

जवारी

तानपुऱ्याबद्दल लिहितो, कारण मिरजेच्या कारागिराच्या घरात चुकीचा तानपुरा उभा केला तर सांगलीचा प्रेक्षक माफ करणार नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय, आता तर लोक जास्तच डोळे उघडून बघतील.

पुरुषी पट्टीचा तानपुरा उभा केला तर साधारण पाच फूट. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी आणि तबली तुनाच्या लाकडाची. तारा चार: पंचम, जोडीच्या दोन, खर्ज. वरती खुंट्या, खाली सूक्ष्म जुळवणीला मणी. वर घालतात ती गवसणी, कव्हर नव्हे. हा शब्द तिघांच्याही तोंडी हवा. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीच्या माथ्याला जो अगदी हलका उतार देतात ती जवारी. वाजवून वाजवून तारा त्यात चरे पाडतात, मग आवाज बसतो आणि जवारी पुन्हा काढावी लागते. हे काम कित्येक तासांचं आहे, ते रंगमंचावर दाखवायला जाऊ नका. कानशीनं दोनदा घासून 'झाली' म्हणणारा सुधीर पहिल्या रांगेतल्याला हसू आणेल.

दाखवायचं असेल तर सूत दाखवा. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतात. दोरा नसताना तार टण्ण आणि मेलेली वाजते. दोरा अर्धा-एक मिलिमीटर मागंपुढं केला की एका जागी झंकार उघडतो. तीस-चाळीस सेकंदांचं काम, शेवटच्या रांगेलाही ऐकू येतं. सुधीरनं छेडायचं, अभयनं दोरा सरकवायचा. एकाचा हात दांडीवरच्या तारांवर, दुसऱ्याचा घोडीपाशी, मध्ये थोडं अंतर. जुनं नातं काय होतं ते कळायला एवढं बास. (उलटंही चालेल, पण कारागीर ऐकतो आणि गवई, म्हणजे तानपुऱ्याचा मालक अभय, चाचपडतो यात जास्त मजा आहे.)

आता पुराचा मुद्दा, कारण तुम्ही गावभाग लिहिलंय आणि पूर विसरलाय! ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. तळमजल्याच्या खोलीतलं काहीही कोरडं राहिलेलं नसणार. तानपुऱ्याचे जोड सरसानं चिकटवलेले असतात, पाण्यात सरस सुटतो आणि भोपळ्यापासून दांडी वेगळी होते. २०१४ पासून तिथंच असलेला तानपुरा आज धड उभा असेल तर त्याला कुणीतरी वर नेलेलं आहे. सुधीर त्या दिवशी मिरजेत अडकलेला असू दे. विनायक तेव्हा वरच्या मजल्यावर एका खोलीचा भाडेकरू. त्यानं नेला. २०२१ च्या जुलैत पुन्हा नेला. नेपथ्यात भिंतीवर पाण्याची रेघ ठेवा, जमिनीपासून सव्वाचार फुटांवर, तपकिरी, कडा वरून धूसर आणि खालून गडद. तानपुऱ्याच्या खुंट्या रेघेच्या जरा वर आल्या पाहिजेत. कुणी बोट दाखवायचं नाही.

प्रयोगाच्या बाजूनं: खरा तानपुरा आणलात तर जुळवणी दिव्यांच्या उष्णतेनं उतरते. पडद्याआधी वीस मिनिटं त्याला त्याच जागी, त्याच दिव्यांखाली उभा करा आणि मग जुळवा, ग्रीनरूममध्ये जुळवून आणू नका. चारही तारा बदलायची गरज नाही, छेडायची ती एकच तार नवी घाला. बाकीच्या गंजलेल्या दिसल्या तर उत्तमच. जोडीची एक तार तुटलेली ठेवायची कल्पना सुचेल तुम्हाला. ठेवा, पण 'जोड तुटली' असं कुणी म्हणालं की मी उठून जाईन.

हरिपूररस्ता

वरचे तिन्ही प्रतिसाद नीट आहेत, तरी पुराच्या बाबतीत माझा विरोध नोंदवतो. विनायकनं तानपुरा वाचवला म्हणून विनायकचं प्रेम मोठं, असं नकळत होणार. ही हिंदी सिनेमाची खोड. वाचवणारा जिंकतो आणि सोडून जाणारा हरतो, मग नाटक कशाला, सत्कार करा त्याचा.

तानपुरा वाचवू दे, पण त्यानंतर सहा वर्षं त्यानं त्याच्या तारा जुळवू दिलेल्या नाहीत असं करा. 'राहू दे की, कुठं वाजवणार हाईस' असं हसत हसत, दरवेळी. सुधीर दिवसभर लोकांची वाद्यं बोलती करतो आणि घरी आल्यावर कोपऱ्यातलं मुकं. विनायकनं जुन्या माणसाला फेकलं नाही आणि बोलूही दिलं नाही. मग अभयचं येणं म्हणजे फक्त संकट राहत नाही, सुधीरला त्यात थोडी हवाही मिळते. अशा वेळी त्रिकोणाचं तिसरं टोक सारखं बदलत राहतं. दहा मिनिटं अभय परका, मग दहा मिनिटं विनायक परका, आणि एका क्षणी, तो देवळीवाला क्षण बहुतेक, सुधीरच परका.

भाषेकडे या. मराठीत असला त्रिकोण 'तू' आणि 'तुम्ही' वर चालतो, ते तुमच्या हातचं हत्यार आहे. विनायक दार उघडतो तेव्हा 'या, बसा, सुधीरदादा येतील आता'. अभय वयानं मोठा, पहिल्याच वाक्याला 'तू' म्हणतो. ते सांगलीत वावगं नाही, पण विनायकला लागतं. विनायक 'तुम्ही' वरून 'तू' वर कधी येतो ती जागा एकच आणि पक्की ठरवा. माझ्या मते 'अठरा साली का नाही आलास' हीच ती जागा. त्याआधी चुकूनही 'तू' नको, संहितेत शोधून शोधून काढा. नटांच्या तोंडून सरावात हमखास निसटतं.

आणि 'दादा'. दार उघडं असताना, काकू अंगणात असताना विनायक 'सुधीरदादा' म्हणतो. कडी लागली की 'सुधीर'. अभयचं 'सुध्या' दोन्हीकडे सारखं, कारण तो कॉलेजच्या मित्राच्या हक्कानं ते उघड वापरू शकतो. बघा गंमत, जुन्याला उघड्यावर जवळीक परवडते, आत्ताच्याला नाही. प्रेक्षकाला हा नियम पहिल्या पाच मिनिटांत दोनदा ऐकू आला पाहिजे, नाहीतर पुढं तो मोडल्याचं कळणार नाही. मोडायची जागा फोननंतर. दार सताड उघडं, काकूंचा आवाज बाहेरून, आणि विनायक आतून हाक मारतो, 'सुधीर, पान वाढलंय.' तेवढंच.

बाकी बोली फार रांगडी करू नका. गावभागातली ही माणसं, 'काय करायलायस', 'बस की', 'जेवून जा की', 'कधी आलायस' एवढ्यावर राहू द्या. 'लका' आणि 'गड्या' ओतून सांगली होत नाही. घरात कुणी 'समलिंगी' म्हणणार नाही, तो वर्तमानपत्राचा शब्द. 'गे' एखादवेळी, तोही अभयच्या तोंडी, बंगळुरूहून आलेला म्हणून. विनायकला त्या शब्दानं अवघडल्यासारखं होऊ दे.

एक विनंती. अभय परत का आला याचं कारण आजार ठेवू नका, विशेषतः एचआयव्ही. त्यात पात्राला शिक्षा दिल्यासारखं होतं आणि माहितीही जुनी असते. नियमित औषधं घेणाऱ्या, रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका खाली गेलेल्या माणसाकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. सरकारी रुग्णालयांतल्या एआरटी केंद्रांत औषधं मोफत मिळतात. तेव्हा 'मरायच्या आधी एकदा भेटायचं होतं' हे आज खोटं वाटेल. आईचं वर्षश्राद्ध, जमिनीच्या वाटणीवर सही, असलं कोरडं कारण घ्या. भाऊबंदकीच्या सहीला आलेला माणूस तानपुरा आठवून वाट वाकडी करतो. ज्या भावानं २०१४ ला धमकावलं त्याच भावासमोर सही करून तो आलाय, हे आपोआप जमतंय बघा.

कृष्णाकाठ४१६

फोटो गेले, सहावं मिनिट, एजंटचा फोन, दादा/सुधीर हे सगळं घेतलं. भावासमोरची सही तर वाट बघत बसल्यासारखी होती.

तीन शंका राहिल्या. एक, जवळीक किती दाखवावी? मागच्या रांगांतून शिट्ट्या येतील ही धास्ती आहे. दोन, परिनिरीक्षण मंडळाकडे (प्रयोगाआधी संहिता तपासून प्रमाणपत्र देणारं मंडळ) संहिता कधी पाठवावी? तीन, तानपुरा शेवटी जातो की राहतो? आणि विनायकच्या हळदीचा काही उपयोग होईल का, सध्या तो नुसता 'हळदीच्या दुकानातला' आहे.

तिसरी_घंटा

शिट्टी कुठं येते हे नीट समजून घ्या. ती स्पर्शाला येत नाही, स्पर्शाआधीच्या थांब्याला येते. दोन नट एकमेकांकडे चार सेकंद बघतात, संगीत सुरू होतं, प्रकाश निळा होतो. आता काहीतरी होणार हे तुम्हीच ओरडून सांगितलेलं असतं, मग मागचा पोरगा तुमच्या वतीनं ओरडतो. स्पर्श कामाच्या मध्येच येऊ द्या. विनायक दुकानातून आलाय, मानेवर हळद बसलीय, सुधीर बोलता बोलता टॉवेलच्या टोकानं ती पुसतो, बोलणं भाड्याचंच चाललंय. हे सतराव्या-अठराव्या मिनिटाला, अभय समोर बसलेला असताना. प्रेक्षक तिथं सुधीरकडे बघणार नाही, अभयकडे बघेल. प्रकाश कमी करायचा नाही. आजवर ज्या प्रयोगांत दोन पुरुष जवळ आले की दिवे मंद होतात ते प्रयोग प्रेक्षकाला सांगत असतात की हे लपवण्यासारखं आहे. चुंबन नको असं मी म्हणत नाही, पण तुमच्या रचनेत त्याला जागा दिसत नाही आणि ओढून आणलं तर ते धाडस म्हणून दिसेल.

सरावात स्पर्श नाचाच्या पदन्यासासारखा बांधा. कुठला हात, मानेची कुठली बाजू, किती मोजेपर्यंत, हात कधी निघतो. दोन्ही नटांना आधी विचारून, ठरवून, आणि ठरल्यावर दिग्दर्शकालाही प्रयोगाच्या दिवशी बदलायची मुभा नाही. पहिले तीन-चार सराव नट हसतात. हसू द्या, थांबवू नका, फक्त संवाद चालू ठेवायला लावा. पाचव्याला हसू संपतं. जे हसू दाबून ठेवलं जातं ते थेट प्रयोगात बाहेर येतं. आणि हो, पुरुषांनी लुगडी नेसून नायिका केल्या त्या गावात आपण ही चर्चा करतोय, विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीता स्वयंवरा'पासून. तेव्हा नाट्यपंढरीला पुरुषानं पुरुषाच्या मानेवरची हळद पुसलेली झेपेल.

मंडळ: रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे अंतिम संहिताच पाठवा, खर्डा नको. प्रमाणपत्र त्या मजकुराला मिळतं, नंतर सरावात वाक्यं घातली तर ती त्यात नसतात. स्पर्धेच्या अर्जावर प्रमाणपत्राचा क्रमांक मागतात म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. सूचना जिथं नाजूक आहेत तिथं कंसातल्या रंगसूचना कोरड्या, क्रियापदांत लिहा. 'मान पुसतो' लिहा, 'आवेगानं जवळ ओढतो' लिहू नका. पुढचा वाचक कागदच वाचणार आहे, प्रयोग नव्हे.

तानपुरा जातो. राहिला तर अभय उदार ठरतो आणि विनायक उपकृत. पण जाणं सोपं करू नका. पाच फुटांचं वाद्य, पेटी नाही, नुसती गवसणी, रात्रीच्या गाडीत बंगळुरूपर्यंत. भोपळा उशीसारख्या गादीत गुंडाळावा लागतो, तारा थोड्या उतरवाव्या लागतात, घोडीवर ताण नको म्हणून. हे बांधणं तिघं मिळून करतात, चार मिनिटं, जवळजवळ बिनबोलता. विनायकनं दोन पुरांत तो उचललाय, त्यामुळं कुठं धरायचा ते त्यालाच सगळ्यात चांगलं माहीत. अभय चुकीच्या जागी धरतो, विनायक त्याचा हात उचलून नीट ठेवतो. त्या दोघांचा एकमेव स्पर्श. वाटलं तर इथं 'तू' चं पुन्हा 'तुम्ही' करा, किंवा करू नका, नटावर सोडा.

हळदीचा उपयोग आहे, आणि तो दिसणारा आहे. गवसणी पांढऱ्या मांजरपाटाची शिवा. विनायकची पिवळी बोटं तिच्यावर पहिल्याच प्रसंगात उमटू दे. ते पुसायला अभय ओला साबण लावतो, आणि डाग जायच्याऐवजी लाल होतो. हळदीला अल्कली लागली की रंग फिरतो, घरोघरी माहीत आहे, पण नाट्यगृहात बघितलं की लोक पुढं सरकतात. विनायक तेव्हा म्हणू शकतो, 'साबण लावायचा नसतो. उन्हात टाकायचा, आपोआप जातो.' ऊन तर रात्री मिळणार नाही, म्हणजे लाल डागासकट गवसणी बंगळुरूला जाते.

करून बघताना हळद गाळून कोमट पाण्यात कालवा, दोन चमचे पाव वाटीला, आणि बोटं पूर्ण वाळू न देता उमटवा. साबण कपड्यांच्या वडीचा घ्या, अंगाच्या साबणावर रंग तेवढा चढत नाही. प्रत्येक प्रयोगाला नवी गवसणी लागेल, मांजरपाट दोन मीटर धरून चला.